सातबाऱ्यावरची जुनी पाइपलाइनची नोंद काढताय? या चुका टाळा

शेजाऱ्याची पाइपलाइन कधीच बंद पडलेली असते, पण आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात 'पाणी नेण्याचा हक्क' तसाच बसलेला असतो, आणि जमीन विकायला काढली की घेणारा नेमका तिथंच बोट ठेवतो. मग धावत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, आणि पहिली चूक इथंच होते. त्या ओळीपुढे फेरफाराचा, म्हणजे ती नोंद कशी लागली त्या कागदाचा, नंबर असतो, त्याची नक्कल आधी काढा.

आम्हाला नक्कल मिळाली तर त्यात आमचा गट नंबरच नाही, वाटलं दुसऱ्याचाच कागद दिला, परत करून आलो. नंतर कळलं की तो फेरफार एकत्रीकरणाच्या, म्हणजे शेतांचे तुकडे जोडून गट पाडले त्याच्या, आधीचा, त्यात जुना सर्व्हे नंबर होता. नीट वाचला तर शेवटी लिहिलेलं, 'रजिस्टर दस्तावरून नोंद'. म्हणजे साध्या अर्जाने हे निघणारच नव्हतं. नोंद कशावरून लागली ते बघायचं, दस्तावरून असेल तर सोडायचाही दस्तच करावा लागतो, कोर्टाच्या हुकमावरून असेल तर कोर्टातच जावं लागतं.

बरेच जण जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज टाकतात. ते कलम लिहिताना झालेल्या चुकीसाठी आहे, किंवा चूक आहे हे दोन्ही बाजूंना मान्य असेल तर. शेजाऱ्याचा हक्क खरंच होता का, संपला का, हा वाद तिथं सुटत नाही.

शेजारी तयार असला तरी नोटरी केलेल्या संमतीपत्रावर थांबू नका, हक्क सोडल्याचा दस्त रजिस्टर करा आणि त्याच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या घ्या, बहिणींच्या सुद्धा. एक जरी राहिली तरी उद्या हरकत येते.

'पाइप गंजलाय म्हणजे हक्क संपला' असंही नसतं. 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्याचा हक्क) कायद्यात कलम 47 आहे, वापर सलग 20 वर्षं पूर्ण बंद असावा लागतो, आणि समोरचा मान्य करत नसेल तर ते दिवाणी कोर्टात पुराव्याने दाखवावं लागतं. तोवर पाइप उखडायला जाऊ नका, प्लीज. भांडण वाढतं आणि मनाई हुकूम आपल्यावरच येतो.

नोंद गॅस किंवा तेलाच्या पाइपलाइनची असेल तर विषयच वेगळा. ती 1962 च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याने आलेली असते, तिथं शेजाऱ्याशी काही बोलायचं नसतं, आणि त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड काहीच चालत नाही.

दस्त झाला की फेरफारासाठी अर्ज द्या, हरकतीचे 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. मंजूर झाल्यावर नवीन सातबारा काढून बघा, आणि जमिनीचे पोटहिस्से पडले असतील तर प्रत्येकाचा वेगळा काढा, कारण आमच्या एका हिश्शावरची नोंद गेली आणि दुसऱ्यावर तशीच राहिली होती.