अॅशक्रॉफ्ट-मर्मिन 'कामाचं नाही' ठरवताना या चुका टाळा

एम.एस्सी.ला सॉलिड स्टेट सुरू झालं की अॅशक्रॉफ्ट आणि मर्मिन यांचं 'सॉलिड स्टेट फिजिक्स' कुणीतरी सुचवतंच. १९७६ सालचं, आठशेहून जास्त पानांचं. बहुतेकांचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागतो: जुनं आहे, गणितं जुळत नाहीत, परीक्षेला उपयोग नाही. यातलं शेवटचं बरंचसं खरं आहे. बाकीच्या दोन्हींत गडबड आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सुरुवातीची तीन प्रकरणं गाळणं. आपला सिलॅबस क्रिस्टल स्ट्रक्चरपासून सुरू होतो, किटेलचं पुस्तकही. इथे क्रिस्टल चौथ्या प्रकरणात येतात. आधी ड्रूडचं १९०० सालचं मॉडेल (धातूतले इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे फिरतात असं मानणारं), मग सॉमरफेल्डनं त्याला दिलेलं क्वांटम रूप, आणि तिसऱ्यात ही फ्री इलेक्ट्रॉन मॉडेलं कुठे कुठे तोंडघशी पडतात त्याची यादी. 'चुकीची थिअरी कशाला वाचायची' म्हणून मुलं थेट चौथ्यावर जातात. मग ब्लॉखचं थिअरम (क्रिस्टलमधल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगाचं रूप सांगणारं) पाठ होतं, पण ते कशासाठी लागलं हे कळत नाही.

निदान उष्णतावाहकतेचा भाग तरी वाचा. उष्णतावाहकतेला विद्युतवाहकता आणि तापमान यांच्या गुणाकारानं भागून ड्रूडला २.२२ मिळाले (एकक वॉट-ओहम प्रति केल्विन वर्ग, दहाच्या उणे आठव्या घाताच्या पटीत). प्रयोगाशी झकास जुळणारा आकडा. पण त्यानं विद्युतवाहकता चुकून निम्मी काढली होती. ती दुरुस्त केली की उरतात १.११. तेही इतके जवळ येतात ते नशिबानं: खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनांची विशिष्ट उष्णता सुमारे शंभरपट जास्त धरलेली आणि वेगाचा वर्ग सुमारे शंभरपट कमी. दोन घोडचुका एकमेकींना झाकतात. सॉमरफेल्डनं फर्मी-डिरॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना लागू पडणारी क्वांटम सांख्यिकी, वापरली आणि २.४४ आले, या वेळी योग्य कारणानं. ड्रूडच्या पहिल्याच प्रकरणात अॅल्युमिनियमचा हॉल गुणांकही आहे (चुंबकक्षेत्रात प्रवाहाला आडवा व्होल्टेज किती आणि कुठल्या चिन्हाचा येतो ते सांगणारा). प्रबळ चुंबकक्षेत्रात त्याचं चिन्हच उलटं निघतं, आणि फ्री इलेक्ट्रॉनवाल्यांकडे त्याला उत्तर नाही. बँड (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेले ऊर्जेचे पट्टे) आणि होल (त्यांतल्या रिकाम्या जागा, ज्या धनभारासारख्या वागतात) यांची गरज इथे पटते.

'गणितं जुळत नाहीत' ही तक्रार निव्वळ एककांची. पुस्तक गॉसियन सीजीएसमध्ये आहे. सायक्लोट्रॉन फ्रीक्वेन्सीच्या छेदात प्रकाशाचा वेग दिसला तर घाबरू नका, एसआयमध्ये तो गळून पडतो. कुलोम बलातून आलेल्या इलेक्ट्रॉनभाराच्या वर्गाला चार पाय एप्सिलॉन-शून्यानं भागा. मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटीला मात्र चार पायनं गुणावं लागतं, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. एक्स-रेच्या प्रॅक्टिकलला आणखी एक घोळ: या पुस्तकाच्या रेसिप्रोकल लॅटिसमध्ये (क्रिस्टलच्या तरंग-सदिशांची जाळी) दोन पाय आधीच धरलेला असतो, क्रिस्टलोग्राफीवाले बहुधा तो वगळतात.

जुनेपणाचं म्हणाल, तर क्वांटम हॉल इफेक्ट (१९८०), उच्च तापमानाचे सुपरकंडक्टर (१९८६), ग्राफीन यांतलं काहीच इथे नाही, असणार तरी कसं! फोनॉन, फर्मी सरफेस, सेमीकंडक्टर यांना त्यानं फरक पडत नाही. टोपॉलॉजिकल मटेरियलवर काम करायचं असेल तर मात्र जपून: बाराव्या प्रकरणातल्या इलेक्ट्रॉनच्या वेगाच्या समीकरणात बेरी कर्व्हेचरचं (इलेक्ट्रॉनच्या तरंगांच्या भूमितीतून येणारं, वेगात भर घालणारं) पद नाही. त्यासाठी नवं पुस्तक घ्याच.

नेट किंवा सेट दोन महिन्यांवर आली असेल तर हे उघडू नका, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. वेळ असेल तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट नको. कुठल्या प्रकरणाआधी कुठलं वाचलेलं हवं याचा तक्ता लेखकांनीच प्रस्तावनेत दिलाय, आणि तो बहुतेक जण बघतच नाहीत. सेमीकंडक्टर हवे असतील तर ते अठ्ठाविसाव्या प्रकरणात आहेत. तक्त्यात त्याच्यासमोर काय लिहिलंय ते पाहून तेवढंच वाचा.