गाडीच्या स्पीकरला आणि सबवूफरला अ‍ॅम्प कसा निवडायचा

आधी स्पीकर, मग सब (म्हणजे सबवूफर, बेसचा मोठा स्पीकर) आणि अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, स्टिरिओचा सिग्नल वाढवून स्पीकरला पॉवर देणारा) सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, कुठेतरी ऑफर दिसली की अ‍ॅम्प उचलतात आणि मग त्याला काय लावायचं ते शोधत बसतात. मी पण तेच केलं होतं आणि त्याचा त्रास वर्षभर काढला, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३००० वॅट छापलेलं असतं त्याकडे बघूच नका, ती पीक किंवा मॅक्स पॉवर असते, क्षणभर येणारी किंवा नुसती कागदावरची. आपल्याला हवा आरएमएस, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकेल अशी पॉवर, आणि ती किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) दिली आहे ते पण सोबत बघायचं. पॅकिंगवर सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ (पॉवर मोजण्याचं ठरलेलं मानक) असं लिहिलेलं असेल तर उत्तम, म्हणजे तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन ठेवून मोजलेला असतो.

तसं काही लिहिलेलं नसेल तर दुकानातच उभं राहून अ‍ॅम्पचा फ्यूज बघा. समजा २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, म्हणजे ५० अँपिअर, गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८, गुणाकार केला की ६९० वॅट. अ‍ॅम्प बॅटरीकडून जास्तीत जास्त एवढंच खेचू शकतो. क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचा) अ‍ॅम्प त्यातले ८० टक्के स्पीकरला देतो असं धरलं तर ५५० वॅट, आणि क्लास एबी (जास्त वीज वाया घालवणारी रचना) असेल तर निम्म्याच्या थोडं वर. मग खोक्यावर ३००० असो नाहीतर ५०००, ती पॉवर येणार कुठून? हा हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदात होतो, कुणाला विचारायची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला महागात पडली, ती म्हणजे ओहम, ते जितके कमी तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. दरवाज्यातले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात तिथे फारसा घोळ होत नाही. घोळ सबमध्ये होतो कारण बऱ्याच सबना दोन कॉइल (आतली तारेची गुंडाळी) असतात, ड्युअल २ किंवा ड्युअल ४, म्हणजे प्रत्येक कॉइल २ किंवा ४ ओहमची. ड्युअल ४ चा सब पॅरलल जोडला तर अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात आणि सिरीजमध्ये ८. ड्युअल २ चा पॅरलल १ ओहम आणि सिरीज ४. माझ्या वॅगन आरमध्ये १० इंची ड्युअल २ चा सब होता आणि मोनो (एकाच चॅनलचा, सबसाठीचा) अ‍ॅम्प होता २ ओहमच्या खाली न चालणारा, बसवणाऱ्याने दोन्ही कॉइल पॅरलल जोडून दिल्या आणि मी पण विचारलं नाही. गावात पंधरा-वीस मिनिटं गाडी चालायची तोवर सगळं मस्त. मग एकदा पुण्याहून कोल्हापूरला निघालो, खंबाटकी घाट चढत होतो आणि अचानक बेस गायब, पुढे थांबून डिकी उघडली तर अ‍ॅम्पवर लाल लाईट, प्रोटेक्ट, म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद झालेला. हात लावला तर चटका बसला. दहा मिनिटं थांबलं की परत चालू, साताऱ्याच्या आसपास परत बंद, कोल्हापूरपर्यंत हेच. घरी आल्यावर सब खोक्यातून काढला, मागे बघतो तर दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र. एका कॉइलचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडला, उरलेल्या दोन टोकांना अ‍ॅम्पची वायर दिली, झाले ४ ओहम. पॉवर थोडी कमी मिळते पण तेव्हापासून लाल लाईट एकदाही लागला नाही. तेव्हा सब घेतानाच ठरवा की शेवटी किती ओहम होणार आणि त्या ओहमला सबच्या आरएमएस इतकी किंवा किंचित जास्त पॉवर देणारा मोनो अ‍ॅम्प शोधा. मोनोमध्ये क्लास डीच घ्या, गरम कमी होतो आणि करंट कमी खातो.

दरवाज्यांसाठी फोर चॅनल. स्पीकरचा आरएमएस ६० ते ७५ असेल तर ४ ओहमला तेवढंच देणारा अ‍ॅम्प पुरे. बजेट कमी असेल तर एकाच फोर चॅनलवर पण भागतं, पुढच्या दोन चॅनलवर समोरचे दरवाजे आणि मागचे दोन चॅनल ब्रिज करून (दोन्ही जोडून एक करून) सब. फक्त ब्रिज केल्यावर बहुतेक अ‍ॅम्प ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, म्हणजे तिथे २ ओहमचा सब लावायचा नाही. मागच्या दरवाज्यांना कंपनीच्या स्टिरिओवरच राहू द्या, माझं ठाम मत आहे की तो पैसा समोरच्या स्पीकरवर आणि दरवाज्याच्या डॅम्पिंगवर (पत्र्याची थरथर थांबवणाऱ्या आवरणावर) घालावा. पत्रा थरथरत असेल तर कितीही भारी अ‍ॅम्प लावा, आवाज डब्यातूनच येणार.

बरेच जण सांगतात की कमी पॉवरचा अ‍ॅम्प लावला की स्पीकर जळतो. कमी पॉवरने स्पीकर जळत नाही, जळतो तो क्लिपिंगने. छोट्या अ‍ॅम्पकडून जबरदस्तीने मोठा आवाज काढायला गेलं की सिग्नलची टोकं कापली जातात आणि आधी ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जातो.

कंपनीची टचस्क्रीन बदलायची नसेल तर मागे आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल देणारं सॉकेट) आहे का ते बघा, बहुतेक वेळा नसतं, मग हाय लेव्हल इनपुट असलेलाच अ‍ॅम्प घ्या. स्पीकरच्या वायरीच त्याला देता येतात आणि काही अ‍ॅम्प सिग्नल आला की आपोआप चालू होतात, रिमोट वायर (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी) पण ओढावी लागत नाही. नवीन गाडी असेल तर वायर कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) मिळतात ते लावायला सांगा, वॉरंटीच्या वादाची शक्यता कमी होते.

वायरीत काटकसर करू नका. मोनोचे ३०० आणि फोर चॅनलचे ३०० असे ६०० वॅट आरएमएस धरले तर क्लास डीला पूर्ण जोरात साधारण ५५ अँपिअर लागतात, आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर जाते चार-पाच मीटर. इथे ४ गेजची (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) शुद्ध तांब्याची वायर टाका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तशीच जाड आणि तशीच लालभडक दिसते, म्हणून एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. कधी उलटं असतं, वरून चंदेरी आणि खरवडल्यावर तांबं, ती कथिल चढवलेली चांगली वायर. मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आतच पाहिजे, हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो तर वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागू नये म्हणून असतो, यात अजिबात तडजोड नको. अर्थची (अ‍ॅम्पपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी) वायर आखूड ठेवा, त्याच जाडीची, आणि पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्ट घट्ट करा. इंजिनाच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते ना, ती बऱ्याचदा या अर्थमुळेच असते. पॉवर वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या.

अ‍ॅम्प सबच्या खोक्यावर ठोकू नका, थरथरून आतले जोड सुटतात. सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला, वारा मिळेल असा.

शेवटी गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवण्यासाठी ते असतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मल्टिमीटर मिळतो तो घ्या. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, गेन पूर्ण कमी, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण. मोबाईलवर टेस्ट टोन लावा, दरवाज्यांसाठी १००० हर्ट्झ, सबसाठी ५० हर्ट्झ. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५ व्होल्ट. तिथे थांबायचं. मग दरवाज्यांना हाय पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सबला लो पास (वरचे स्वर अडवणारा) ८०, आणि सबच्या खोक्याला पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) २५ ते ३० च्या दरम्यान.

पंधरा दिवस गाडी चालवल्यावर अ‍ॅम्पचे सगळे स्क्रू परत एकदा आवळा, तांब्याची वायर दबून थोडी सैल होते, माझ्या अ‍ॅम्पचा अर्थचा स्क्रू पहिल्या वेळी जवळजवळ अर्धा आटा फिरला होता.