रस्ता आणि त्याखालचे नळ: कंत्राट देण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

नवा काँक्रीट रस्ता होऊन वर्षही होत नाही, तोच त्याच्या मधोमध पाण्याच्या लाइनसाठी चर खणला जातो. लोक ठेकेदाराला बोल लावतात, कारण जागेवर तोच दिसतो. पण आपल्या शहरांतले बरेचसे रस्ते कागदावरच बिघडलेले असतात: अंदाजपत्रकात, निधीच्या शीर्षात, निविदेच्या अटींत. एकदा कार्यारंभ आदेश निघाला की सुधारायला फारशी जागा उरत नाही आणि जी सुधारणा होते ती महागात पडते. म्हणून हा लेख नगरसेवक, नगरपरिषदेतले नवे अभियंते आणि प्रभागातल्या जागरूक मंडळींसाठी आहे. लक्ष ठेवायचे ते आदेश निघण्याआधी.

रस्त्याचा निधी एका योजनेतून, नळांचा दुसऱ्या

सगळ्यात मोठी चूक हीच आहे आणि तिचे मूळ पैशांच्या रचनेत आहे. रस्ता राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मंजूर होतो. पाणी आणि मलनिस्सारण केंद्राच्या अमृत योजनेतून येते. गटाराचे काम आमदार निधीतून होते. प्रत्येक योजनेची फाइल वेगळी, मंजुरीचे वर्ष वेगळे, ठेकेदारही वेगळा. ज्याचा निधी आधी आला तो आधी काम करतो आणि बहुतेक वेळा रस्त्याचाच निधी आधी येतो.

काही निधी तर ठरल्या कामाखेरीज वापरताच येत नाही. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित आहे: निम्मी पिण्याच्या पाण्याशी संबंधित कामांना, निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्याला. त्या पैशातून डांबर टाकता येत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये केंद्राचा वाटाही शहराच्या आकाराप्रमाणे बदलतो. एक लाखाखालच्या शहराला निम्मा, एक ते दहा लाखांपर्यंत एक तृतीयांश आणि त्याहून मोठ्या शहराला पाव. उरलेला वाटा राज्य आणि स्थानिक संस्थेने उचलायचा असतो.

या खटाटोपात एक आयटम हमखास गळतो. तो म्हणजे रस्ता पूर्ववत करण्याचा. नळाच्या अंदाजपत्रकात खोदाई असते, नळ असतो, चर बुजवणेही असते. पण वरचा रस्ता पूर्वीसारखा करायचे पैसे एक तर नसतात किंवा एका पातळ थरापुरते असतात. अमृतच्या पाणी आणि मलनिस्सारणाच्या खोदाईनंतर रस्त्यांची काय अवस्था होते, हे जळगावकरांनी काही वर्षे रोज सोसले आहे. नळ गाडले गेले, रस्ते कोणी आणि कोणत्या पैशातून करायचे हा प्रश्न मागे राहिला.

उपाय अवघड नाही, त्याला हट्ट लागतो. रस्त्याला प्रशासकीय मान्यता देण्याआधी त्या रस्त्याचा एकच नकाशा मागा, ज्यावर मलवाहिनी, पावसाळी गटार, जलवाहिनी, घरगुती जोडण्या, महावितरणची केबल, गॅसची लाइन, इंटरनेटच्या केबली असे सगळे आहे. पुढच्या पाच वर्षांत यातले काय बदलायचे आहे, हे प्रत्येक खात्याकडून लेखी घ्या. एखादे खाते म्हणाले की आमची लाइन दोन वर्षांनी आहे, तर रस्ता थांबवा किंवा निदान त्या लाइनसाठी रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप आताच टाकून ठेवा. क्रम कायम खोलीप्रमाणे: सर्वांत खोल असलेली मलवाहिनी आधी, मग पावसाळी गटार, मग जलवाहिनी आणि तिच्या घरगुती जोडण्या, मग केबलींसाठी डक्ट, म्हणजे केबल ओढायच्या रिकाम्या नळ्या, आणि शेवटी रस्ता. घरगुती जोडण्यांकडे विशेष पाहा. मुख्य लाइन बदलली आणि घरांकडे जाणारे जुने गंजके नळ तसेच ठेवले, तर गळती त्यांतूनच होते आणि नवा रस्ता ठिकठिकाणी फोडावा लागतो.

जमिनीखाली न पाहता केलेले अंदाजपत्रक

आपल्याकडे अंदाजपत्रक बरेचदा शेजारच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकावरून होते. लांबी बदलायची, रुंदी बदलायची, दरसूचीतले दर लावायचे, झाले. खाली मुरूम आहे की कठीण खडक, जुनी विटांची गटारे आहेत का, भूजल किती वर आहे, याची कोणी खातरजमा करत नाही. दख्खनच्या शहरांत तर एकाच गल्लीच्या एका टोकाला मऊ मुरूम आणि दुसऱ्या टोकाला बेसॉल्ट लागतो.

याचा थेट फटका निविदेला बसतो. आपल्याकडे रूढ असलेल्या बी-१ नमुन्यात ठेकेदार संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्का भरतो, इतके कमी किंवा इतके जास्त. बी-२ नमुन्यात तो प्रत्येक आयटमला वेगळा दर भरतो आणि तिथे अंदाजपत्रकातली चूक त्याच्या फायद्याची होते. समजा, अंदाजपत्रकात १,००० घनमीटर मुरूम आणि २०० घनमीटर कठीण खडक धरला आहे. पहिला ठेकेदार मुरमाला २५० आणि खडकाला १,२०० रुपये भरतो. त्याची एकूण रक्कम होते ४ लाख ९० हजार. दुसरा जागेवर फिरून आला आहे. तो मुरमाला १०० आणि खडकाला १,८०० भरतो. त्याची बेरीज ४ लाख ६० हजार. काम दुसऱ्याला मिळते. प्रत्यक्षात निघतो ५०० घनमीटर मुरूम आणि ७०० घनमीटर खडक. पहिल्याच्या दरांनी हे काम ९ लाख ६५ हजारांत झाले असते, दुसऱ्याच्या दरांनी १३ लाख १० हजार लागतात. कागदावर सर्वांत स्वस्त असलेली निविदा साडेतीन लाखांच्या आसपास महाग पडली, तीही फक्त खोदाईच्या दोन आयटमांत.

या नमुन्यांच्या करारात यावर बंधन आहे. कलम ३८ प्रमाणे एखाद्या आयटमचे परिमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढले, तर त्यापुढच्या भागाचा दर नव्याने ठरतो. पण हे कलम वेळेवर लावणारा अभियंता हवा आणि मोजमाप पुस्तिकेत खडकाची नोंद खोदाई उघडी असतानाच व्हायला हवी. चर बुजल्यावर खडक किती होता यावर कोर्टात वाद घालता येतो, मोजता मात्र येत नाही.

त्यापेक्षा आधीच चाचणी खड्डे घ्या. चौकात, वळणावर, जुन्या वस्तीच्या तोंडाशी, जिथे जिथे लाइनी एकमेकींना ओलांडतात तिथे. मोठ्या रस्त्यावर रडारने भूगर्भ सर्वेक्षणही करता येते. हा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो आणि तो अंदाजपत्रकाच्या आधी करायचा असतो, ठेकेदार नेमल्यावर नव्हे. तांत्रिक मंजुरीच्या फाइलला चाचणी खड्ड्यांचे फोटो आणि खोलीच्या नोंदी नसतील, तर ती परत पाठवायला नगरसेवकांनी अजिबात संकोच करू नये.

पैसा तयार, काम तयार नाही. काम तयार, पैसा नाही

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण पुण्याचे. चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे उभारले. महापालिकेला बाजारातून पैसा उभा करता येतो हे त्यातून दिसले आणि ती चांगलीच गोष्ट होती. पण त्याच वर्षी जलवाहिन्यांच्या निविदा अंदाजापेक्षा सुमारे २६ टक्के चढ्या आल्या आणि त्या रद्द कराव्या लागल्या. व्याजाचा मीटर चालू, काम मात्र नव्याने निविदेच्या रांगेत. यातून घेण्यासारखे एवढेच: कर्ज काढायचे तर निविदा उघडून दर हाती आल्यावर, आणि तेही कामाच्या गतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने.

दुसरा प्रकार जास्त सर्रास आढळतो. मंजूर रक्कम म्हणजे हातातली रक्कम, असे धरून कामे काढली जातात. अमृतमध्ये केंद्राचा पैसा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावरच सुटतो. प्रमाणपत्र रखडले की हप्ता रखडतो, बिल थांबते, ठेकेदार माणसे दुसऱ्या कामावर हलवतो आणि उघडा चर पावसाळा बघतो. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. ते दृश्य वर्षानुवर्षे तिजोरीच्या ताकदीपलीकडे काढलेल्या कामांतून तयार झाले आहे.

सभेत विचारायचे प्रश्न तीनच. आपला स्वहिस्सा अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली ठेवला आहे? पहिल्या हप्त्यात कोणते काम पूर्ण वापरात येईल? हप्ता सहा महिने उशिरा आला तर बिले कशातून देणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'सगळीकडे थोडे थोडे' असे आले, तर कामाची आखणी बदलायला सांगा. सगळे शहर अर्धवट खोदण्यापेक्षा एका भागातले नळ, जोडण्या आणि रस्ता पुरा झालेला बरा.

निविदेतल्या चुका

कामाचे तुकडे पाडणे ही जुनी खोड. एकाच रस्त्याचे चार भाग करून प्रत्येकाची रक्कम मर्यादेखाली ठेवायची, म्हणजे स्पर्धाही टळते आणि वरची मंजुरीही. त्यातून चार ठेकेदार, चार दर्जे आणि सांध्यांवर उताराचा पत्ता नाही. गटाराचा उतार सांध्यावर चुकला की पाणी कायमचे तुंबते.

उलट टोकही धोक्याचे आहे. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठी ५,८०० कोटींच्या निविदा काढल्या. पुरेसा प्रतिसाद आला नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्या रद्द झाल्या. पुन्हा निविदा मागवून जानेवारी २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून मोठी कामे पाच कंत्राटदारांना दिली गेली. त्यातले शहर विभागाचे, म्हणजे दक्षिण मुंबईचे कंत्राट काम वेळेत सुरू न झाल्याने वर्षाअखेर रद्द करावे लागले आणि तिथल्या रहिवाशांची वाट लांबली. मोठ्या पॅकेजमुळे मोठ्या कंपन्या येतात हे खरे. पण ते घेऊ शकणारे मोजकेच उरतात आणि त्यातला एक मागे हटला की पूर्ण विभाग अडतो. मध्यम शहरात पाणलोटाप्रमाणे किंवा पाण्याच्या झोनप्रमाणे पॅकेज पाडणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्या हद्दीत नळ आणि गटार स्वतंत्रपणे चालू करता येतात.

अंदाजापेक्षा फार कमी दर आला की सभेत बाके वाजतात. तिथे सावध व्हा. राज्यात अशा ठेकेदाराकडून अतिरिक्त सुरक्षा रक्कम घेण्याचा नियम आहे. ती वेळेत जमा झाली का ते पाहा आणि दर कसा परवडतो याचे पृथक्करण लेखी मागा. २५ टक्के कमी दराने घेतलेले काम पूर्ण होते तेव्हा बचत बहुधा खडीच्या थरातून, चर बुजवताना न केलेल्या दबाईतून किंवा सिमेंटमधून झालेली असते.

वेळापत्रक

मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून मार्चमध्ये कार्यारंभ आदेश निघतात, एप्रिल यंत्रे आणण्यात जातो, मे महिन्यात चर उघडतात आणि जूनमध्ये त्यांत पाणी भरते. पावसाळा संपताच खोदाई सुरू व्हायची असेल तर निविदेचे सोपस्कार पावसाळ्यातच उरकायला हवेत. काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी मारावे लागते आणि वाहतूक सोडण्याआधी २८ दिवस जावे लागतात, हे दिवस मुदतीत धरले आहेत का, तेही बघा.

काम सुरू झाल्यावर अडले तर

नकाशावर नसलेली केबल किंवा जुना नळ सापडला, तर काम थांबवून त्याच दिवशी संबंधित खात्याच्या अभियंत्यासह संयुक्त पाहणी करा आणि पंचनामा लिहा. तोंडी 'वळवून घ्या' म्हटलेले काम पुढे जादा आयटम म्हणून बिलात येते आणि त्याचा दर ठरवायला कागद सापडत नाही.

एकच निविदा आली, तर घाईने स्वीकारू नका. आधी अटी तपासा: मागितलेली यंत्रे, अनुभव, उलाढाल या कामाला खरेच लागतात का, की कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत? मुदतवाढ देऊन पुन्हा मागवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

नळ टाकून झाला की चर बुजवण्याआधी दाबचाचणी, म्हणजे नळात दाबाने पाणी भरून गळती तपासणे, झालीच पाहिजे. हे एक पाऊल गाळले तर गळती काँक्रीटखाली जाते. चाचणीच्या वेळी प्रभागातले दोन-चार रहिवासी हजर राहिले, तर अभियंत्यालाही बळ मिळते.

ठेकेदार काम सोडून गेला, तर नोटिसांचा क्रम पाळूनच करार संपवा आणि उरलेल्या कामाचे मोजमाप दोघांच्या सह्यांनी घ्या. मोजमाप न करता नवा ठेकेदार आणला की जुने आणि नवे काम कायमचे एकमेकांत मिसळते.

आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. तो कधी संपतो ती तारीख रस्त्यावरच्या फलकावर ठेकेदाराच्या नावासोबत लिहायला लावा. ती संपायच्या दोन महिने आधी अभियंत्यासह रस्ता चालून पाहा. भेगा, खचलेली मॅनहोलची झाकणे, पाणी साचणाऱ्या जागा यांची यादी फोटोसह लेखी द्या, पोच घ्या. सुरक्षा अनामत परत करण्याच्या फाइलवर ती पोच जोडली गेली आहे का, हे लेखा विभागात जाऊन विचारा.