कागदावर काढा व्ही-वनचा नकाशा
मेंदूच्या मागच्या टोकाशी, आतल्या बाजूला कॅल्करीन नावाची खाच असते. तिच्या दोन्ही काठांवर पसरलेला, जेमतेम २ मिमी जाडीचा थर म्हणजे प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागाचा डोळ्यांकडून येणारे संदेश घेणारा भाग, अर्थात व्ही-वन. त्याची रचना पाठ करण्यापेक्षा काढून पाहा, कायमची लक्षात राहते.

आलेखकागदावर ८३ मिमीची आडवी रेघ ओढा. हा डाव्या गोलार्धातल्या खाचेचा तळ. डावे टोक म्हणजे नजरेचा मध्य, ० अंश (अंश म्हणजे त्या मध्यापासून बाजूला होणारा कोन). तिथून मोजत खुणा करा: १ अंश १५ मिमीवर, २ अंश २२, ५ अंश ३५, १० अंश ४६, २० अंश ५७, ४० अंश ६९ आणि ९० अंश ८३ मिमीवर. हॉर्टन आणि हॉइट या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सूत्रातून हे आकडे येतात: १७.३ गुणिले (१ + अंश ÷ ०.७५) चा नैसर्गिक लॉग. खुणा समान अंतरावर मारण्याची चूक हमखास होते, आणि तीच सर्वांत महाग पडते. मध्यापाशी एका अंशाला २३ मिमी जागा मिळते, १० अंशांवर फक्त १.६ मिमी. पडताळायचे असेल तर छापील पान ५७ सेंमीवर धरा. तिथे १ सेंमी म्हणजे १ अंश. एका शब्दावर नजर रोखा. १० सेंमी पलीकडचा शब्द वाचता येणार नाही.

आता रेघेभोवती सुमारे ४० मिमी रुंदीची लांबट अंडाकृती काढा. रेघेच्या वर ‘खालचे दृष्टिक्षेत्र’ लिहा, खाली ‘वरचे’. हो, उलटेच. रेघ ही क्षितिजरेषा. अंडाकृतीची कड म्हणजे दृष्टिक्षेत्राची उभी मध्यरेषा, आणि तिच्यापलीकडे व्ही-टू, म्हणजे दृष्टीचा शेजारचा दुसरा भाग, सुरू होतो.

इथे ‘उजवा डोळा’ मात्र लिहू नका. डाव्या व्ही-वनमध्ये दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवी बाजू येते. म्हणून खाचेचा फक्त वरचा काठ दुखावला, तर दोन्ही डोळ्यांचा उजवा-खालचा चतुर्थांश जातो. जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोये यांनी रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांच्या दृष्टिक्षेत्रातल्या अशाच तुटींवरून १९०९ मध्ये नकाशा मांडला होता.

शेवटी कडेपासून आत सुमारे १ मिमी रुंदीचे पट्टे काढा, एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा, आळीपाळीने. ५३ मिमीवर, रेघेला लागून जरा वर, सुमारे ६ मिमी रुंदीचा ठिपका कोरा ठेवा. उजव्या डोळ्याचा अंधबिंदू, म्हणजे त्या डोळ्याला काहीच न दिसणारी जागा, इथे पडतो, त्यामुळे ही जागा एकट्या डाव्या डोळ्याची असते.