अंगणाचं तैलचित्र: या चुका टाळा

पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एखाद्या जुन्या घराच्या आतल्या अंगणात नवखा चित्रकार बसला की पहिली पिळतो ती काळ्या रंगाची ट्यूब. सावली म्हणजे काळी, हे डोक्यात कोण भरवतं कोण जाणे. बहुतेक मोबाइल, फोटोत व्हरांडा काळाकुट्टच येतो. तिथे जाऊन बघा. दुपारचं ऊन चिऱ्यांवरून उसळतं आणि व्हरांड्याच्या आढ्याला खालून तांबूस झाक देतं. जमिनीवरच्या सावलीत मात्र आभाळाचा निळा उतरलेला असतो. अंगणाचा सगळा थंडावा या दोन रंगांत आहे. मी सावलीला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी घेतो. काळी ट्यूब घरी.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका जुलैत प्रदर्शनाच्या घाईत मी आयव्हरी ब्लॅकमध्ये जवसाचं तेल ओतून सावल्या थापल्या. तिसऱ्या दिवशी बोटाला रंग लागेना, म्हणून वरून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेली पिवळी भिंत चढवली. चित्र विकलंही गेलं. दिवाळीत घेणारा ते घेऊन दारात उभा! भिंत एप्रिलातल्या खाजनासारखी, खाडीकाठच्या सुकलेल्या शेतासारखी, भेगाळलेली. पैसे मुकाट्यानं परत केले.

तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यात आयव्हरी ब्लॅक वाळायला महाआळशी, अंबर हा मातकट तपकिरी चपळ. खालचा थर ओला असताना वरचा आधी ताठ झाला की तो फाटणारच. म्हणून खाली तेल कमी, वर जास्त. हेअर ड्रायर फिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आणि तैलरंगावर ॲक्रिलिक? नाही म्हणजे नाही.

ऊन सरकतं, त्याच्यामागे धावू नका. मी चार दिवस रोज अकरा ते साडेअकराच बसतो. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या पांढऱ्याशुभ्र रंगवू नका. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवाल तर मागून बुरशी येईल. जवळच फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (1870–1935) यांची चित्रं आहेत. व्हिडिओ बघण्यापेक्षा तिथे तासभर उभे राहा.

व्हार्निशला सहा महिने तरी थांबा, रंग जाड असेल तर वर्षभर. त्याच अंगणाचं माझं दुसरं चित्र पाच महिने भिंतीवर आहे. काल विहिरीच्या कठड्यावर नख टेकवलं, तर ठसा उठला.