उभा सायकल रॅक घ्यायचा? आधी गाडीखाली वाकून बघा

सायकलींच्या उभ्या रॅकबद्दल विचारणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, 'कोणत्या कंपनीचा घ्यावा?' मी त्यांना उलट विचारते, गाडी कोणती आणि तिला मागे हिच, म्हणजे रॅक अडकवायचा लोखंडी दांडा, आहे का? रॅक कधीही बदलता येतो. हिच एकदा चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, लागला की गाडी विकेपर्यंत तिथंच राहतो आणि सगळ्या सायकलींचा भार शेवटी त्याच्यावरच येतो. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, दिवसभर व्हर्निअर, गेज आणि वेल्डिंगचे जोड डोळ्यांसमोर असतात. त्यामुळे या विषयात मी आधी जोड बघते, मग रंग.

आमच्या घरी चार सायकली आहेत. माझी हायब्रिड, यांची एमटीबी (खडबडीत वाटांची माउंटन बाइक), मुलाची २९ इंची आणि मुलीची २४ इंची. फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा इथं घरूनच चालवत जाता येतं. पण खिंडसी, पेंच किंवा चिखलदरा म्हटलं की सायकली गाडीनंच न्याव्या लागतात. समृद्धी महामार्गावर तर दुचाकी आणि सायकलला प्रवेशच नाही. महामार्ग सुरू होतो त्या शिवमडक्याहून पुढं सायकल जाणार ती गाडीच्या पाठीवर बसूनच.

उभ्या रॅकमध्ये सायकली पुढचं चाक वर, मागचं चाक खाली अशा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एका रॅकवर चार ते सहा सायकली बसतात. टपावरच्या रॅकसारखं सायकल डोक्यावर उचलावं लागत नाही आणि गल्लीतल्या झाडाच्या फांदीची किंवा पार्किंगच्या कमानीची धास्ती खूप कमी होते. मात्र तुमच्या दोनच सायकली असतील तर उभा रॅक घेऊ नका. चाकं खाली ट्रेमध्ये टेकतात तो आडवा रॅक दोघांसाठी हलका पडतो आणि चढवायलाही सोपा. उभ्या रॅकचा खरा उपयोग तीन सायकलींपासून पुढं.

हिच: इथं काटकसर नको

हिच म्हणजे गाडीच्या मागे, बंपरखाली, चेसीला बोल्टनं बसवलेला लोखंडी आडवा दांडा. त्याच्या मधोमध चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. रॅकचा पाय त्यात सरकतो आणि आरपार पिन बसते. रिसीव्हर बहुधा दोन मापांत येतो, सव्वा इंची आणि दोन इंची. चार सायकलींच्या उभ्या रॅकला दोन इंचीच पाहिजे. त्याची पिन १६ मिमीची असते, सव्वा इंचीची १३ मिमीची. सव्वा इंचीत अडॅप्टर घालून दोन इंची रॅक बसवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. अडॅप्टरमुळे रॅक आणखी मागे सरकतो आणि ढिलाईची एक जागा वाढते.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कारखान्यातून हिच लागून येत नाही, तो नंतर बसवावा लागतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, थार, बोलेरो या लॅडर फ्रेमच्या गाड्या. त्यांना खाली जाड चेसी असते, बोल्ट कसायला भक्कम जागा मिळते. क्रेटा, नेक्सॉन यांसारख्या मोनोकॉक गाड्यांना वेगळी चेसी नसते. तिथं फक्त त्याच मॉडेलसाठी बनवलेला, भाराची मर्यादा लिहिलेला हिच चालेल. तो मिळत नसेल तर चार सायकलींचा उभा रॅक त्या गाडीसाठी नाही, असं मी सरळ सांगते.

आता हिशोब. चार सायकली सरासरी साडेतेरा किलोच्या धरल्या तर ५४ किलो. रॅक स्वतः ३० ते ३५ किलोचा, ३३ धरू. झाले ८७ किलो. पण हा भार पिनवर थेट बसत नाही, तिच्या साधारण अर्धा मीटर मागे लटकतो आणि हिचला सतत पिळत असतो. त्यात गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली, की क्षणभर हाच भार दुपटीनं जाणवतो. हिचच्या प्लेटवर उभ्या भाराची मर्यादा कोरलेली असते. युरोपी पद्धतीच्या प्लेटवर 'एस' अक्षरापुढे आकडा असतो. एस ७५ म्हणजे ७५ किलो. आपल्या ८७ किलोंना तो हिच पुरत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. किती टन ओढतो हा आकडा वेगळा, त्यावर भुलू नका. गाडीच्या पुस्तकात हिचवरच्या भाराची मर्यादा दिली असेल तर तीही बघा आणि दोन्हींतली कमी असेल ती धरा.

नागपुरात फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही आणि त्यांच्या हातात खरंच कसब आहे. पण एकानं मला फार आपुलकीनं सांगितलं होतं, "ताई, चेसीले डायरेक्ट वेल्ड मारून देतो, जिंदगीभर हलणार नाही." याला नाहीच म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेनं शिवणीच्या कडेचं लोखंड बदलतं, आणि पुढं चीर पडते ती बहुधा त्या कडेलाच. हिच बोल्टनंच बसवायचा, कंपनीनं चेसीला दिलेल्या भोकांमधून. बोल्टचं डोकं बघा. त्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला हवा. कोरं डोकं असेल तर तो बोल्ट परत करा. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या आणि हिचसोबतच्या कागदावर दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोरानं, कसायला लावा.

कसून झालं की आमच्या कारखान्यात करतात तेच करा. पिवळा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घ्या. बोल्टच्या टोकापासून नटवरून खाली चेसीच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता, नुसत्या टॉर्चच्या उजेडात कळतं. हिच बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर या रेघा बघायच्या आणि पुढं प्रत्येक लांबच्या फेरीआधी. चार बोल्ट, चार रेघा, एवढंच काम.

क्रिस्टाचं स्टेपनी चाक मागे गाडीच्या पोटाखाली असतं. हिच बसवल्यावर ते खाली उतरतं का हे वर्कशॉपमधून निघण्याआधी प्रत्यक्ष उतरवून बघा. थार आणि बोलेरोला स्टेपनी मागच्या दारावर असते. तिथं रॅक आणखी मागे न्यावा लागतो, म्हणजे पीळ वाढला. अशा गाडीवर एक सायकल कमी धरा.

रॅक निवडताना

उभ्या रॅकच्या दोन जाती आहेत. एकीत सायकल पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुशिंगी दांड्याच्या, खांद्यावर टांगली जाते. याकिमा कंपनीचा हँगओव्हर हा त्या जातीचा. तो शॉकअपचा फोर्क असलेल्या एमटीबीसाठीच बनवलेला आहे, साध्या फोर्कची हायब्रिड किंवा रोड बाइक त्यावर नीट बसत नाही. दुसऱ्या जातीत पुढचं चाक वरच्या पिंजऱ्यात बसतं आणि मागचं चाक खाली पट्ट्यानं बांधतात. घरात आमच्यासारखी सरमिसळ असेल तर हीच जात घ्या. लहान मुलांची सायकल असेल तर पिंजरा किती इंची चाकापासून धरतो ते विचारा. २४ इंची आणि २९ इंची एकाच रॅकवर न्यायच्या तर खालचा पट्ट्याचा दांडा वरखाली होणारा पाहिजे.

मडगार्डचा विचार बरेच जण करत नाहीत. पुढच्या चाकाला पूर्ण मडगार्ड असेल तर ते पिंजऱ्यात अडकतं, वाकतं. एक तर मडगार्ड काढून न्या, नाहीतर ती सायकल डिकीत. बॅटरीची सायकल २० किलोच्या वर सहज जाते. रॅकवर एका सायकलीची कमाल मर्यादा किती ते बघा आणि बॅटरी काढून गाडीत ठेवा.

रॅक मागे झुकणारा हवा. सायकली लादलेल्या असताना तो झुकवता आला तरच डिकी उघडते. झुकवताना भार एकदम अंगावर येतो, म्हणून खाली येताना धरून ठेवणारा डँपर असलेला रॅक मिळाला तर थोडे जास्त पैसे त्यावर घाला. तो नसेल तर दोघांनी मिळूनच झुकवायचं, मुलांना बाजूला उभं करून.

चढवायची पद्धत

आधी सामान डिकीत. मग रॅक रिसीव्हरमध्ये, पिन आरपार, पिनेला क्लिप आणि हलणं थांबवणारा बोल्ट घट्ट. आता रॅकचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. रॅकसोबत गाडी डुलली पाहिजे. रॅक एकटाच खडखडला तर बोल्ट अजून कसायचा.

सायकल अशी घ्या: डावा हात हँडलवर, उजवा सीटखाली. पुढचं चाक उचलून सायकल मागच्या चाकावर उभी करा, तशीच ढकलत रॅकजवळ न्या. मग गुडघ्यानं मागच्या चाकाला वर रेटा द्या आणि पुढचं चाक पिंजऱ्यात सोडा. सायकलचं पूर्ण वजन हातावर कधीच येत नाही. माझ्या मुलीला हे जमतं. जड सायकली मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, हलक्या कडेला. दोनच न्यायच्या असतील तर खांबाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक, दोन्ही एकाच बाजूला कधीच नाही. हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक सायकल वर, शेजारची थोडी खाली अशी बसवा आणि पेडल काचेला लागत नाही ना, हे बोट घालून बघा.

मग वाकून सायलेन्सरचं तोंड शोधा. त्याच्या थेट समोर टायर किंवा पट्टा आला तर गरम हवेनं रबर बिघडतं. रिम आणि पट्ट्याचंही नुकसान होतं. तिथली जागा रिकामी ठेवा किंवा दांडा वर घ्या. मागच्या चाकांच्या तळापासून रस्ता किती खाली आहे तेही बघा. गाडी चढावर चढताना सगळ्यात आधी तेच टोक घासतं.

रस्त्यावर

आपल्या सिमेंट रोडच्या ब्लॉकांचे जोड आणि न रंगवलेले स्पीडब्रेकर हे रॅकचे खरे परीक्षक. स्पीडब्रेकरवर गाडी जवळपास थांबवून घ्या. मी हायवेवर ८० च्या वर जात नाही, समृद्धीवर डावी लेन सोडत नाही. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचंच. जबलपूर रोडनं जात असाल तर कामठी ओलांडून सावलीत गाडी घ्या, पट्टे, पिन आणि बोल्ट हातानं तपासा. सुरुवातीची ढिलाई इथंच कळते. मागचं काही दिसत नाही, सेन्सर सारखा वाजत राहतो, त्यामुळे रिव्हर्स घेताना एकानं उतरून मागे उभं राहायचं. चहाला थांबलात तर गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि सगळ्या सायकलींच्या फ्रेममधून एक केबल लॉक ओवा.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे यांचा प्रश्न टाळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागची प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे. सायकली लादल्यावर वीस पावलं मागे जा आणि बघा: प्लेट वाचता येते का, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर दिसतात का. झाकले जात असतील तर सायकलींची जागा बदला, नाहीतर एक कमी करा. रॅकवर वेगळा लाइट बोर्ड लावून दिव्यांचं भागतं. प्लेटचं मात्र मनानं काही करू नका, दुसरी प्लेट रंगवून टांगणं तर नाहीच. गाडीबाहेर मर्यादेपेक्षा जास्त डोकावणाऱ्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) खाली २०,००० रुपये दंड आहे. क्रिस्टाची रुंदी १८३० मिमी, त्यामुळे चार सायकली आत राहतात. सहा लादल्या तर कडेची हँडलं बाहेर येतात का ते टेपनं मोजा. हिच बसवण्याआधी आरटीओत लेखी विचारून ठेवा आणि विमा कंपनीलाही कळवा.

पोचल्यावर सायकल उतरवली की लगेच पळवू नका. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल तर उभं टांगल्यावर तेलातला हवेचा बुडबुडा सरकू शकतो आणि ब्रेक मऊ लागतो. लिव्हर पाच-सहा वेळा दाबा. कडक झाला तरच बसा, नाही झाला तर त्या सायकलीला आज सुट्टी.

पावसाळ्यात गाडीच्या चाकांचा चिखल थेट चेनवर बसतो, घरी आल्यावर त्याच दिवशी पुसून तेल द्या. उन्हाळा त्याहून वाईट. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात असतो आणि उघड्यावर राहिलेले रबरी पट्टे कडक होऊन त्यांना बारीक चिरा पडतात. पट्टा दुमडून बघा. घडीवर पांढरट रेघा दिसल्या की बदलायचा, टेप गुंडाळून चालवायचा नाही. काम नसेल तेव्हा रॅक गाडीवर ठेवू नका. तो काढून घरात सावलीत ठेवा, पिनेला ग्रीसचा हात फिरवून तिथंच रॅकला बांधा, आणि रिसीव्हरच्या तोंडाला प्लास्टिकचं झाकण लावा, म्हणजे आत चिखल-पाणी जाऊन गंज धरणार नाही.