८०० आणि १५०० धावणाऱ्या मुलींनो, या चुका टाळा

मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे साडेपाचला एकटीच ८०० मीटर २ मिनिटं ९ सेकंदांत काढणारी पोट्टी २० वर्षांखालच्या मोठ्या स्पर्धेत २:१४ ला येते. घरचे म्हणतात, "घाबरली असंल." घाबरते, खरं आहे. पण माझ्या मते खरी अडचण दुसरी आहे: तिला गर्दीत धावायची सवयच नसते. नागपूरच्या उन्हाळ्यात सात वाजेच्या आत सराव उरकावा लागतो. तोडीस तोड मुलगी सोबत मिळत नाही, मग ती घड्याळाशीच धावत राहते. घड्याळ काही कोपर मारत नाही.

८०० मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्येच धावायचं असतं. वळण संपलं की एक वाकडी रेघ येते, बहुधा हिरवी. ती ओलांडल्यावरच आत यायचं. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत आपली शायनी अब्राहम ८०० मध्ये पुढे होती, पण लेन लवकर सोडली म्हणून बाद झाली. एवढ्या अनुभवी धावपटूचं असं होतं, तर १७ वर्षांच्या मुलीचं होणारच.

रेघ नीट ओलांडली तरी पुढची चूक तयारच असते. सातव्या लेनची मुलगी रेघ दिसताच झपकन आत घुसते, कोणाच्या तरी पायात पाय अडकतो आणि वर अंतरही जास्त कापलं जातं. समोर अख्खा सरळ ट्रॅक पडलेला असतो, घाई कशाला? मी पुढच्या वळणाच्या तोंडाशी, आतल्या कडेला पाण्याची बाटली ठेवते आणि सांगते, बाटलीवर नजर ठेवून तिरकी तिरकी जा. सोबतीला मुली नसतील तर पोट्ट्यांना घेऊन धावा. चालतं, धक्का धक्काच असतो.

वळणावर बाहेरून पुढे काढायची हौसही महागात पडते. दुसऱ्या लेनमधून एक वळण घेतलं की साडेतीन मीटर जास्त धावावं लागतं, म्हणजे या वेगाला अर्ध्या सेकंदाहून जास्त. अंतिम फेरीत जायला कधीकधी तेवढंच कमी पडतं. उलट अगदी आतल्या कडेला चिकटून बसलात तर पुढे एक, बाजूला एक, मागे एक, आणि शेवटच्या २०० मध्ये बाहेर पडायला वाटच नाही. पुढचीच्या उजव्या खांद्याशी राहा, अर्धं पाऊल मोकळं ठेवून.

सुरुवातीच्या वेगाबद्दल फार लिहीत नाही. केनियाच्या पामेला जेलिमोनं १८ व्या वर्षी, २००८ मध्ये, ८०० ला १:५४.०१ अशी वेळ दिली; २० वर्षांखालचा तो विक्रम अजून टिकून आहे. तिचा व्हिडिओ पाहून आमच्या मुली पहिले २०० तिच्यासारखे काढतात. उरलेले ६०० मात्र आपल्यासारखेच असतात.

कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना बसवून तपासतात त्या खोलीत, झालेली एक चूक माझीच आहे. सिंथेटिक ट्रॅकवर धावताना बुटाच्या तळाची टोकदार पिन ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. एका मुलीच्या बुटात १२ च्या पिना राहिल्या, मी बघितल्याच नव्हत्या. आत प्रशिक्षकाला जाऊ देत नाहीत. तिनं एकटीनं बसून, थरथरत्या हातांनी सगळ्या पिना बदलल्या आणि अंग गरम करून गेलेली मुलगी थंडगार होऊन ट्रॅकवर आली. आदल्या रात्रीच पट्टी लावून मोजा. फोन आणि इअरफोन आत चालत नाहीत, म्हणून गाणी ऐकतच तयार व्हायची सवय लावू नका. या शर्यतींत 'सेट' म्हणत नाहीत, 'ऑन युअर मार्क्स' झालं की थेट गोळी. हात जमिनीला लागता कामा नये. आणि जाड ट्रॅकसूट बॅगेत असू द्या: २०२४ ची २० वर्षांखालची जागतिक स्पर्धा ऑगस्टात पेरूतल्या लिमाला झाली, तेव्हा तिकडे हिवाळा होता. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या पायांना गार हवेत ताटकळणं माहीत नसतं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी स्ट्रेचिंग करता करता हळूच म्हणाली, "ताई, चार महिने झाले, पाळी नाही आली. बरंच झालं ना, स्पर्धेत त्रास नाही." बरं नाही झालं, बाई. सराव वाढतो, खाणं तेवढंच राहतं, मग शरीर आधी पाळी बंद करतं. पुढे नडगीचं हाड दुखायला लागतं, सर्दी हटत नाही, वेळ घसरतो. आणि आम्ही प्रशिक्षक काय करतो? सराव आणखी वाढवतो. तिला विचारलं तर कळलं, सात वाजता सराव संपतो, मग बस, मग कॉलेज, पहिला घास साडेअकराला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: डबा मैदानावरच उघडायचा. तर्री पोहे, उकडलेली अंडी, भिजवलेले शेंगदाणे, केळी, जे घरून निघेल ते. पाळीची तारीख सरावाच्या वहीतच लिहायची. तीन महिने चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्ततपासणी. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका, शेजारच्या काकूंनी सांगितल्या तरी.

सर्दीच्या गोळीचंही तसंच. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं नाक मोकळं करणारं औषध असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापुढे लघवीत सापडलं तर डोपिंगचं प्रकरण होतं. 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. आधी पाकिटाचा फोटो संघाच्या डॉक्टरांना पाठवा, मग गिळा.